आजीच्या पेटीतल्या तीन नऊवारी आणि तुझा पोर्टफोलिओ

तुझा प्रश्न इथे थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर समजेल. आजीच्या पेटीतून तीन नऊवारी तुझ्या हाती आल्या आहेत: वांगी रंगाची पैठणी, काळी इरकल आणि मधाच्या रंगाची टसर. तू पुण्यात नोकरी करतेस, जोडीला मॉडेलिंग सुरू केलं आहेस आणि पोर्टफोलिओचे फोटो याच साड्यांत काढायचे तुझ्या मनात आहे. साड्या अस्सल आहेत का, त्या कशा नेसल्या म्हणजे स्नेहसंमेलनाचा वेश वाटणार नाही, दागिने किती घालायचे आणि घरातले म्हणतात तसा पैठणीचा लेहंगा शिवून घ्यायचा का, असं तू विचारलं आहेस. मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला तू म्हणते. जाहिराती, नाटकं आणि फॅशन शूटचा कपडेपट सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जे सांगते ते हाताखालून गेलेल्या कापडाच्या भरवशावर सांगते.

पहिलं म्हणजे कात्री लांब ठेव. लेहंग्याचं शेवटी बोलू.

आधी साड्या ओळखून घे. माझं ठाम मत आहे की अंगावरची ऐट कापडाच्या स्वभावातून येते. कापड जड आहे की हलकं, कडक आहे की सुळसुळीत, उजेड परतवतं की पिऊन टाकतं, हे कळलं की कसं नेसायचं, कसं उभं राहायचं, गळ्यात काय घालायचं याची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

जमिनीवर धुतलेली सुती चादर अंथर. अंगठ्या, बांगड्या काढून ठेव, हाताला क्रीम नको. पैठणी हलक्या हातानं उलगड आणि तिचा पदर उलटा कर. हातमागाच्या पैठणीची खरी ओळख पदराच्या मागच्या बाजूला असते. पदरावर मोर असोत, मुनिया म्हणजे छोटे पोपट असोत की अजंठ्याचं कमळ, हातानं विणलेली नक्षी उलट बाजूनंही तितकीच स्वच्छ दिसते. त्याचं कारण विणण्याच्या पद्धतीत आहे. विणकर प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी लहान तिल्ली घेतो, ती त्या नक्षीपुरत्याच ताण्यांतून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून, फिरवतो आणि परत आणतो. जिथे दोन रंग भेटतात तिथे ते धागे एकमेकांत अडकवतो. म्हणजे पोपटाच्या पंखाचा हिरवा धागा पंखापाशीच संपतो, मागून पुढच्या पोपटापर्यंत ओढलेला नसतो. यंत्रावरच्या किंवा ‘सेमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पैठणीत मागे धाग्यांचे लांब लांब टाके दिसतात. कधी ते कापलेले असतात, कधी त्यांच्यावर जाळीचं कापड लावलेलं असतं.

आणखी एक कर. शेजारशेजारचे दोन मोर डोळ्यांजवळ आणून बघ. हाताच्या कामात एकाची चोच किंचित जाड निघते, दुसऱ्याच्या तुऱ्यात एखादा टिपका कमी पडतो. मला हे पाहायला फार आवडतं. संध्याकाळ होत आली तसा विणकराचा हात कुठे भरून आला असेल, तेही कधीकधी वाटून जातं.

काठाच्या मागे धागे दिसले तर मात्र लगेच खट्टू होऊ नकोस. ब्रोकेड काठ हातमागावरही जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, लावून विणतात. निकाल पदरावर ठरव. काठात अजून एक गंमत आहे. कडियल पद्धतीत काठाला आणि अंगाला आडवा धागा नेणारे वेगवेगळे धोटे चालतात, म्हणून काठाचा रंग ठसठशीत आणि वेगळा उठतो. एकधोटीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, त्यामुळे काठाच्या रंगात अंगाचा रंग मिसळतो. तुझी वांगी पैठणी हलवल्यावर कधी निळसर, कधी लालसर दिसते असं तू लिहिलं आहेस. त्याचा अर्थ ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा आहे. हे फोटोच्या वेळी फार कामाला येणार आहे.

जरीसाठी पदराच्या दशांमधून, म्हणजे टोकाच्या सुट्या धाग्यांतून, जरीचा एकच धागा काढ आणि नखानं उलगड. जुन्या अस्सल जरीत आत रेशमाचा दोरा असतो, त्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी असतं. झिजल्यावर ती पांढुरकी होते, मग हळूहळू काळवंडते. तांब्यावरची जरी लालसर पडते आणि प्लॅस्टिकची जरी वर्षानुवर्षं एकाच पिवळेपणानं चकाकत राहते. शंका आली तर तो धागा ओळखीच्या सराफाला दाखव. रेशमासाठी अंगाचा एक धागा चिमट्यात धरून जाळ. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर.

येवला आणि पैठण, दोन्हीकडे पैठणी विणतात. आज सर्वांत जास्त माग येवल्यात आहेत आणि २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण पेटीतल्या जुन्या साडीला कुठलाच टॅग नसतो. तिथे पदराची मागची बाजू हाच दाखला.

इरकलची खूण वेगळी. ती येते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून, पण पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या इतकी नेसली गेली की आपण तिला परकी मानतच नाही. तिचं अंग आणि तिचा पदर हे दोन वेगळे ताणे असतात. अंगाचा बहुधा सुती, पदराचा रेशमी, आणि दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडलेले. यालाच टोपे तेणी म्हणतात. असं जोडकाम असल्यामुळे प्रत्येक साडीसाठी ताणा नव्यानं तयार करावा लागतो. काळं अंग संपून लाल पदर सुरू होतो तिथे उलट बाजूनं बोट फिरव. एका ओळीत बारीक खरखर लागली, तर तो जोड आहे. पदरातली पांढरी नक्षीही निरखून बघ. त्यात कंगवा, कोटाची तटबंदी, जोंधळ्याचं कणीस आणि डोंगरांची रांग हे पारंपरिक आकार असतात. तुझ्या साडीत त्यांतले कोणते आहेत ते मला कळव.

टसरबद्दल थोडंच सांगते. आपल्याकडे भंडारा आणि त्या बाजूच्या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांपासून हे रेशीम निघतं. धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असेल, तर ती विदर्भातली करवत काठी समज.

आता नेसण्याकडे वळू. वेश वाटण्याची तुझी भीती मला समजते. बाजारात नऊवारी शिवलेली मिळते, तिच्याबरोबर ठरलेली नथ, ठरलेला हार, ठरलेली चंद्रकोर असा संचच येतो. कार्यक्रमाच्या धावपळीत ती सोय मोठी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण शिवलेल्या साडीत घड्या शिंप्यानं ठरवलेल्या असतात, अंगानं नाही. नेसलेल्या साडीची नीर चालताना सुटते, परत बसते, काष्टा प्रत्येकीच्या कमरेप्रमाणे वेगळा पडतो. फोटोत हा फरक लांबूनही कळतो. म्हणून घरातली, शेजारची, गावाकडची अशी एखादी बाई शोध जिनं रोज नऊवारी नेसली आहे. तिच्याकडून शिक, आणि शूटच्या आधी ती नेसून घरात वावर, जिने चढ, भाजी चीर, खाली मांडी घालून बस. साडी अंगवळणी पडली की चेहऱ्यावरचं अवघडलेपण आपोआप जातं.

जुन्या साड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, आजच्या साड्यांपेक्षा बहुधा कमी असतो. तू उंच आहेस, त्यामुळे गोल नेसायला गेलीस तर घोटे उघडे पडतील आणि साडी अपुरी वाटेल. नऊवारी म्हणून नेसलीस तर तोच पन्हा बरोबर बसेल. सव्वाआठ मीटर कापड गोल नेसणीत कोंबून कमरेभोवती जाड वळकटी करण्यातही अर्थ नाही.

तिन्ही साड्या एकाच पद्धतीनं मात्र नेसू नकोस. पैठणीचा पदर जरीनं जड असतो, तो खाली ओढतो. तिला घोट्यापर्यंत येणारी ब्राह्मणी नेसण दे, ओचा, म्हणजे पुढच्या निऱ्यांचा खोचलेला घोळ, नीट काढ आणि पदर खांद्यावरून मोकळा सोड, अख्खी नक्षी दिसेल असा. पदराला घड्या घालून पिना मारल्यास तर महिनोन् महिने खपून विणलेले मोर घडीत दडतील. खांद्याला एकच पिन पुरे, आणि तिच्याखाली सुती कापडाचा लहान तुकडा ठेव. जुनं रेशीम पिनेच्या भोकापासून उसवत जातं.

इरकल सुती अंगाची, कामाची साडी. ती शेतात, बाजारात नेसतात तशी नेस: पोटऱ्यांपर्यंत चढवलेली, काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. खाली कोल्हापुरी चप्पल, तीही वापरलेली असेल तर उत्तम. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा आपल्याकडे किती गदारोळ झाला ते तुला आठवत असेल. मला त्यातून इतकंच घ्यावंसं वाटलं की जगातल्या मोठ्या फॅशनघराला जी चप्पल मोहात पाडते, ती आपल्या दाराशी पडलेली असते आणि साडीखाली आपण चमकीची सँडल शोधत फिरतो. चप्पल अस्सल चामड्याची घे, शूटच्या आधी काही दिवस तिला तेल दे, म्हणजे ती मऊ होईल आणि रंगही गडद होईल.

टसर कडक असते. तिच्या निऱ्या पातळ घालायला गेलं तर त्या फुगतात. रुंद, मोजक्या निऱ्या घाल. तिच्यावर ब्लाउजऐवजी पांढराशुभ्र सुती शर्ट घालून बघ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हा प्रयोग मला तिन्हींत सगळ्यात जास्त आवडेल, कारण टसरचा खडबडीत पोत आणि शर्टाचा साधेपणा एकमेकांना तोलून धरतात. पैठणीवर मात्र हा शर्ट नको, तिथे तो उपरा वाटतो. इरकलीला खणाची चोळी शोभते. खण विणला जातो तो इळकलजवळच्याच गुळेदगुड्डला, त्यामुळे साडी आणि चोळी एकाच मुलखातल्या होतात.

दागिन्यांबाबत मी कडक आहे. गळ्यात एकच. पैठणीवर चिंचपेटी किंवा तन्मणी, दोन्ही नको. कानात मोत्यांच्या कुड्या, हातात पाटल्या. इरकलीवर ठुशी किंवा बोरमाळ, आणि घरात जुने चांदीचे तोडे असतील तर तेच. टसर आणि शर्टाला गळा मोकळा ठेव. तिथे कानाच्या वरच्या पाळीला एक बुगडी इतकी देखणी दिसते की आणखी कशाची गरजच राहत नाही. लग्नात ठुशीपासून मोहनमाळेपर्यंत सगळं एकाखाली एक घालतात, त्याला समारंभाचं कारण असतं. पोर्टफोलिओमध्ये काम देणाऱ्याला तुझी मान, खांद्याची रेषा, चेहऱ्याची ठेवण दिसायला हवी.

नथ फक्त पैठणीवर घाल. नाक टोचलेलं नसेल तर चापाची चालेल. आकार मात्र तुझ्या चेहऱ्याला मापाचा हवा. नथ वरच्या ओठावर उतरू लागली की बोलतानाचा, हसतानाचा चेहरा हरवतो.

उजेडाविषयी तू विचारलं नव्हतंस, पण माझ्या मते निम्मं यश तिथे आहे. जरीवर समोरून फ्लॅश मारला की काठ आणि पदर पांढऱ्या पट्ट्यासारखे उडतात, नक्षी नाहीशी होते. छायाचित्रकाराला आधीच सांग की उजेड एका बाजूनं हवा. सकाळची खिडकी सर्वांत उत्तम, आणि बाकीचे दिवे बंद. बाजूचा उजेड आला की जरीची प्रत्येक तार आपली सावली टाकते आणि नक्षीला उठाव येतो. पैठणीचा दुरंगी ताणा-बाणाही तेव्हाच बोलतो. तू जागेवरच हळूहळू वळत राहा आणि छायाचित्रकाराला फोटो काढत राहू दे. एकाच निरीवर वांगी, निळा आणि लाल उतरलेला एखादा फोटो त्यात सापडेलच.

हे डोळ्यांना शिकवायचं असेल तर चित्रं पाहा. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र तू पाहिलं असशीलच, निदान छापील. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. त्यात उजेड एकाच ज्योतीचा आहे. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर झाली आहेत आणि साडीच्या घड्या खाली खाली अंधारात विरत जातात. एका ज्योतीत त्यांनी चेहरा, हात आणि वस्त्र तिन्ही सांभाळलं आहे. शूटच्या आदल्या आठवड्यात ते चित्र छायाचित्रकाराबरोबर बसून बघ. नेसणीसाठी चित्रकार रावबहादूर धुरंधरांनी काढलेली स्त्रियांची चित्रं पाहा. पदर कुठून येतो, ओचा कसा बसतो, कोणत्या कामाला काष्टा किती वर घेतला जातो, हे त्यांनी फार नेमकं टिपलं आहे. पुण्यात आहेस तर केळकर संग्रहालयात एक दुपार घालव, जुनी वस्त्रं आणि दागिने जवळून दिसतील. सवड काढून साताऱ्याकडे गेलीस तर औंधचं श्री भवानी संग्रहालय चुकवू नकोस. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या त्या संग्रहात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. छापील प्रतीत जो पदर सपाट दिसतो, तो तिथे वजनासकट दिसतो.

उभं राहण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. रॅम्पवर शिकवतात तसं एका पायावर भार टाकून, कंबर एकीकडे काढून नऊवारीत उभी राहू नकोस. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे असतात आणि साडीची सगळी रचना त्या मोकळेपणासाठी आहे. दोन्ही पायांवर भार घे, पावलं थोडी लांब ठेव, लांब टांग टाकत चाल. पायरीवर एक गुडघा वर करून बस. गोल साडीत जे करता येत नाही ते सगळं करून बघ. पोर्टफोलिओ बघणारा तिथे थांबतो.

आता लेहंगा. पैठणी खिडकीच्या उजेडासमोर धर आणि घड्यांच्या रेषा तपास, ताणू मात्र नकोस. अंग शाबूत असेल तर तिला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. एका काळी जुन्या जरीच्या साड्या चांदीच्या भावानं गेल्या, जरी जाळून चांदी काढली गेली आणि पदरावरचे मोर भट्टीत गेले. जे वाचलं ते आपल्या पिढीनं कापू नये. अंग घडीवर विरलं असेल पण काठ-पदर चांगले असतील, तर ते उतरवून नव्या रेशमावर चढवणारे कारागीर आहेत. तो खर्च लेहंग्याच्या शिलाईपेक्षा जास्त सार्थकी लागेल. एकदोन ठिकाणीच फाटली असेल तर चांगल्या रफूगाराकडे दे. अंग जागोजागी फाटून पदरही तुटत असेल, तेव्हाच शिवण्याचा विचार कर. तोही लेहंग्याचा नको, आखूड जॅकेटचा कर, पदर पाठीवर अखंड येईल असा. जॅकेटला सुती अस्तर लाव, म्हणजे शिवणीचा ताण जुन्या रेशमावर येणार नाही. इरकल आणि टसर कापायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही अजून बरीच वर्षं नेसता येतील.

शूट संपल्यावर साड्या तशाच बॅगेत कोंबू नकोस. सावलीत दोरीवर रात्रभर पसर, घाम सुकू दे. अत्तर किंवा स्प्रे जरीवर कधीच नको, जरी काळी पडते. इस्त्री उलट बाजूनं, मध्ये सुती कापड ठेवून. मग मलमलीच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नकोस. पैठणी हँगरला टांगू नकोस, पदराच्या वजनानं ती ताणली जाते. वर्षातून दोनदा तरी घडी मोडून नव्या जागी घाल, कारण रेशीम आणि जरी दोन्ही तुटतात ती जुन्या घडीच्या रेषेवर. आजीच्या घड्या किती वर्षं तशाच होत्या कोण जाणे, म्हणून पहिली नवी घडी शूटची वाट न बघता या रविवारीच घाल.